पुन्हा पहिले पाऊल : मेंदूच्या दुखापतीनंतर चालण्याचे शिक्षण

सुरत शहराच्या लिंबायत, डिंडोली, उधना, पांडेसरा या भागांत मराठी आणि अहिराणी बोली पदोपदी कानावर पडते. तापी खोऱ्यातून जाणाऱ्या रेल्वेने जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील कुटुंबे कित्येक दशके या शहरात येत राहिली. कोणी यंत्रमागावर, कोणी रंगाई-छपाईच्या कारखान्यात, तर कोणी रिंग रोडवरील कापडबाजारात कामास लागला. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्याही प्राथमिक शाळा चालविते, यावरून या वस्तीचा विस्तार ध्यानात यावा. पोट सुरतेस आणि घर खानदेशात, अशी या कुटुंबांची दुहेरी मांडणी असते. लग्नकार्याला पाय गावाकडे वळतात, तसे ते आजारपणातही वळतात.

अशाच एखाद्या कुटुंबातील तरुणाचे उदाहरण मनाशी घ्यावे. रात्रपाळी संपवून तो दुचाकीवरून निघाला आहे. हेल्मेट आहे, परंतु ते डोक्यावर नसून कोपराला अडकविलेले आहे. वळणावर गाडी घसरते आणि डोके रस्त्यावर आपटते. लोक त्याला मजुरा गेटजवळच्या नव्या सिव्हिल हॉस्पिटलात किंवा महानगरपालिकेच्या स्मीमेर रुग्णालयात पोहोचवितात. कवटीच्या आत साचलेले रक्त काढण्यासाठी शस्त्रक्रिया होते. काही दिवस तो बेशुद्ध असतो, मग डोळे उघडतो, मग आईला ओळखतो. जीव वाचला, म्हणून घरात देवापुढे नारळ फुटतो. परंतु उजवा हात आणि उजवा पाय हलत नाही. अंथरुणाच्या कडेला बसविले तर तो वाळूच्या पोत्याप्रमाणे एका बाजूस कलंडतो. तीन-चार आठवड्यांनी घरी जाण्याची परवानगी मिळते. सुरतेतील भाड्याच्या एका खोलीत त्याची शुश्रूषा कशी व्हावी? कुटुंब त्याला गावी नेण्याचे ठरविते, आणि त्याच्या चालण्याचा खरा प्रश्न येथून पुढे सुरू होतो.

हे उदाहरण कल्पिलेले असले, तरी प्रसंग विरळा नव्हे. केंद्र शासनाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले; त्यांत १,६८,४९१ माणसे मरण पावली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. मृतांपैकी ५०,०२९ जणांनी हेल्मेट घातलेले नव्हते. मृत्यूचा आकडा वर्तमानपत्रात येतो. जखमींपैकी किती जण पुन्हा आपल्या पायांनी विहिरीपर्यंत, शेतापर्यंत वा कारखान्यापर्यंत गेले, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही.

चालणे ही वस्तुतः अतिशय गुंतागुंतीची क्रिया आहे. लहानपणीच अंगवळणी पडल्यामुळे तिचे नवल वाटत नाही, एवढेच. हालचालीचा आदेश मेंदूच्या पृष्ठभागावरील एका पट्ट्यातून निघतो. तेथून निघालेले बहुतेक मज्जातंतू मानेच्या वर, मेंदूच्या देठाच्या खालच्या टोकाशी, एकमेकांना ओलांडून विरुद्ध बाजूस जातात. म्हणून डाव्या मेंदूस इजा झाली म्हणजे उजवे अंग लुळे पडते. तोल सांभाळण्याचे काम मुख्यतः लहान मेंदू करतो. त्याला कानाच्या आतील तोलाचे इंद्रिय, डोळे आणि तळपाय सतत वार्ता पुरवीत असतात. एक पाऊल उचलणे म्हणजे क्षणभर दुसऱ्या एकाच पायावर उभे राहणे होय. त्या क्षणी कंबर स्थिर राहावी लागते, गुडघा ना वाकावा ना मागे ढकलला जावा, आणि उचललेल्या पायाचा चवडा जमिनीस घासू नये म्हणून घोट्यातून वर यावा लागतो. यांतील एक दुवा निखळला तरी चाल बिघडते. चवडा खाली लोंबू लागला, की रुग्ण तो पाय विळ्यासारखा बाहेरून फिरवून पुढे आणतो. ही चाल खेड्यापाड्यांत सर्वांच्या परिचयाची आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट व्हावयास हवी. अशा रुग्णाचा पाय निकामी झालेला नसतो. हाड, सांधा, स्नायू सारे जागच्या जागी असते. तुटलेली असते ती आदेशाची वाट. म्हणूनच पाय चोळून वाट दुरुस्त होत नाही. तेल लावून हलक्या हाताने केलेल्या मालिशाने रुग्णास बरे वाटते, अंगावर मायेचा हात फिरतो, त्यास कोणाची हरकत असू नये. परंतु चालणे हे शिक्षण आहे, आणि शिक्षण शिकणाऱ्याने स्वतः केल्यावाचून होत नाही. जोराने चोळण्यात आणि आखडलेले सांधे झटक्याने सरळ करण्यात तर धोकाच आहे. मेंदूच्या दुखापतीनंतर काही रुग्णांच्या कोपराच्या वा खुब्याच्या भोवती, जेथे हाड असू नये तेथे, हाड तयार होऊ लागते. अशा सांध्याशी दांडगाई केल्यास इजा वाढते.

मेंदूची तुटलेली वाट पुन्हा होते काय, या प्रश्नाचे उत्तर दीर्घकाळ नकारार्थी दिले जात असे. मज्जासंस्थेच्या सूक्ष्म रचनेचा शोध घेऊन १९०६ चे नोबेल पारितोषिक मिळविणारा स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यानेही प्रौढ मेंदूतील मार्ग कायमचे ठरून गेलेले असतात, असेच लिहून ठेविले होते. मेलेल्या पेशी परत येत नाहीत, हे बहुतांशी खरेच आहे. परंतु उरलेल्या पेशी नवे सांधे जोडू शकतात, शेजारचा भाग गेलेल्या भागाचे थोडेफार काम उचलू शकतो, हे पुढे ध्यानात आले. नदीचे मुख्य पात्र बुजले तरी पाणी बाजूच्या ओहोळांतून वाट काढते, तसा हा प्रकार आहे. पाणी मात्र वाहत राहिले पाहिजे. आणि येथे पाणी म्हणजे सराव.

या संबंधात पेद्रो बाख-इ-रिता या प्राध्यापकाची हकीकत सांगण्याजोगी आहे. न्यूयॉर्क येथे अध्यापन करणाऱ्या या कवी व विद्वान गृहस्थास १९५९ च्या सुमारास, वयाच्या ६५ व्या वर्षी, पक्षाघाताचा झटका आला. अर्धे अंग लुळे पडले व वाचा गेली. काही आठवडे प्राथमिक व्यायाम झाले. पुढे आशा नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. त्यांचा एक मुलगा जॉर्ज हा मेक्सिकोत वैद्यकाचा विद्यार्थी होता. तो वडिलांना आपल्याकडे घेऊन गेला. पुनर्वसनाचे शास्त्र त्याला ठाऊक नव्हते. त्याने एवढाच विचार केला, की मूल आधी रांगते व मग चालते, तर वडिलांनीही आधी रांगावे. लुळ्या खांद्याला भिंतीचा आधार देऊन त्याने त्यांना रांगावयास लाविले. घरात, मग अंगणात. एका वृद्ध प्राध्यापकास जनावरासारखे रांगावयास लावणे शोभत नाही, अशी कुरकुर शेजाऱ्यांनी केली. मुलाने ती मनावर घेतली नाही. घरातील कामेच व्यायाम झाली. भांडे घासताना चांगला हात लुळ्या हातास गोल फिरवी. रांगण्यावरून गुडघ्यांवर, गुडघ्यांवरून उभे राहणे, मग चालणे, अशी महिनोन्महिने प्रगती झाली आणि ते गृहस्थ पुन्हा महाविद्यालयात शिकवू लागले. ७२ व्या वर्षी कोलंबिया देशात डोंगर चढत असताना हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यानंतर मेंदूची तपासणी झाली, तेव्हा पक्षाघाताने झालेली हानी जशीच्या तशी मोठी असल्याचे आढळले. वाट दुरुस्त झालीच नव्हती. उरलेल्या थोड्या तंतूंनी काम सांभाळले होते. त्यांचा दुसरा मुलगा पॉल हा पुढे याच विषयातील अग्रगण्य संशोधक झाला.

अर्थात, एका माणसाच्या हकीकतीवरून सर्वांस आश्वासन देता येत नाही. इजा कोठे व किती झाली, वय काय, बेशुद्धी किती दिवस राहिली, यांवर बरेच अवलंबून असते. काही जण काठीवाचून चालू लागतात, काही काठी घेऊन, काही आधाराने घरातल्या घरात, तर काही खुर्चीतच राहतात. आणि खुर्चीत राहिलेल्या माणसाने प्रयत्न कमी केले असे समजणे हा त्याच्यावर अन्याय होय.

आपल्या देशात फिजिओथेरपीचे, म्हणजे भौतिकोपचाराचे, रीतसर शिक्षण १९५० च्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू झाले. पोलिओने पांगळ्या झालेल्या मुलांचा प्रश्न त्या वेळी मोठा होता. १९५५ मध्ये मुंबईतच हाजी अली येथे केंद्र शासनाची पुनर्वसन संस्था उभी राहिली. आज सुरतेत सिव्हिल हॉस्पिटलाच्या आवारात शासकीय भौतिकोपचार महाविद्यालय आहे. २०२१ च्या केंद्रीय कायद्याने हा व्यवसाय आरोग्यसेवेतील मान्यताप्राप्त व्यवसायांत गणला गेला आहे.

भौतिकोपचारतज्ज्ञाचे काम रुग्ण बेशुद्ध असतानाच सुरू होते. दर दोन तासांनी कूस पालटणे, सांधे हळुवार हलविणे, घोटा काटकोनात राहील अशी पायाची ठेवण करणे, छातीतील कफ सुटा करणे ही कामे दिसावयास किरकोळ आहेत. ती झाली नाहीत, तर पाठीवर जखमा होतात आणि घोटा खाली वळून आखडतो. मग मेंदूने आदेश पाठविला तरी टाच जमिनीला टेकत नाही. पहिल्या महिन्यात घोट्याची काळजी न घेतल्यामुळे सहाव्या महिन्यात चालणे अडले, अशी स्थिती ओढवू शकते.

रुग्ण शुद्धीवर आल्यानंतर प्रथम बसणे शिकवावे लागते, चालणे नव्हे. पलंगाच्या कडेला पाय जमिनीस टेकवून, हात न टेकता, कलंडल्याशिवाय बसता आले म्हणजे अर्धी लढाई जिंकली असे समजावे. पुढे बसलेल्या स्थितीतून उभे राहणे येते. यात धड पुढे झुकविणे, वजन दोन्ही पायांवर सारखे घेणे आणि मग उठणे, असा क्रम असतो. रुग्ण स्वभावतःच सारे वजन चांगल्या पायावर टाकतो. लुळ्या पायावर वजन घेण्याची भीती मोडणे हे तज्ज्ञाचे मोठे काम आहे. त्यानंतर दोन समांतर दांड्यांच्या मध्ये उभे राहणे, वजन एका पायावरून दुसऱ्यावर नेणे, एक पाऊल पुढे, एक मागे. मग वॉकर, मग चार पायांची काठी, मग साधी काठी. चवडा लोंबत असल्यास घोट्याला प्लास्टिकचा हलका आधार बुटात बसवून देतात; त्याने चाल पुष्कळ सुधारते. हा आधार लाज म्हणून कपाटात ठेवून देण्याची वस्तू नव्हे.

मात्र घाईही अपायकारक ठरू शकते. पक्षाघाताच्या २,१०४ रुग्णांवर झालेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात, झटक्यानंतर चोवीस तासांच्या आत सुरू करून वारंवार व अधिक वेळ उठवून उभे केलेल्या रुग्णांची पुढील स्थिती, नेहमीच्या बेताच्या गतीने उठविलेल्या रुग्णांपेक्षा थोडी वाईटच आढळली. डोक्याच्या शस्त्रक्रियेत सूज उतरण्यासाठी कवटीचा तुकडा काढून ठेवलेला असेल, तर जास्तच सावधगिरी हवी. तो तुकडा परत बसेपर्यंत त्या जागी मेंदूला हाडाचे कवच नसते. अशा रुग्णास उभे करताना डोक्यावर संरक्षक टोपी असावी आणि आधाराला प्रशिक्षित माणूस असावा. रुग्णास केव्हा उठवावे हे डॉक्टरांनी सांगावे, शेजाऱ्याने नव्हे.

हातासंबंधी एक सूचना येथेच देणे बरे. लुळ्या हाताचा खांदा सैल झालेला असतो. रुग्णास उठविताना घरची माणसे त्याच हातास धरून ओढतात, खांदा निखळू लागतो, आणि त्या वेदनेने रुग्ण पुढे व्यायामच टाळतो. आधार द्यावयाचा तो कमरेला धरून. कमरेभोवती रुंद पट्टा वा घट्ट गुंडाळलेले उपरणे असले, म्हणजे धरावयास सोयीचे जाते.

मेंदूच्या दुखापतीत पाय हा एकच प्रश्न नसतो, हे पुष्कळदा विसरले जाते. काल शिकलेले आज आठवत नाही. लक्ष चटकन उडते. कधी विनाकारण राग येतो. आईवर हात उगारणारा मुलगा पूर्वी असा नव्हता, हे सांगताना घरच्यांचा कंठ दाटतो. हा स्वभावाचा दोष नसून इजेचा परिणाम आहे. अशा रुग्णास एका वेळी एकच छोटी सूचना द्यावी. चार जणांनी चार बाजूंनी ‘पाय उचल, मान वर कर, घाबरू नकोस’ असा गलका केला, की तो जागच्या जागी थांबतो. चालणे पूर्ववत अंगवळणी पडेपर्यंत त्यासाठी सारे लक्ष वेचावे लागते. बोलता बोलता चालणे ही फार पुढची पायरी आहे. थकवाही निराळ्या प्रकारचा असतो. दहा मिनिटे सराव, मग विश्रांती, पुन्हा दहा मिनिटे, अशी दिवसातून चार-पाच वेळा विभागणी केल्यास एका दमात तासभर दमविण्यापेक्षा लाभ अधिक होतो.

आता मुख्य प्रश्नाकडे वळावयास हवे. गावी नेलेल्या रुग्णाचे हे शिक्षण कोणी चालवावयाचे? याबाबत दोन टोकाची मते ऐकू येतात. एक मत असे, की मोठ्या शहरातील यंत्रांवाचून काही होत नाही. म्हणून खेड्यात गेल्यावर प्रयत्न सोडून द्यावेत. दुसरे मत असे, की घरच्या माणसांना एकदा दाखवून दिले, की तज्ज्ञाची गरज उरत नाही. दोन्ही मतांची परीक्षा झालेली आहे. ही परीक्षा डोक्याच्या अपघाती इजेत नव्हे, पक्षाघातात झाली. परंतु चालण्याच्या शिक्षणापुरता तिचा बोध घेण्यास हरकत नसावी.

पहिल्या मताची परीक्षा अमेरिकेत झाली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ४०८ रुग्ण होते. काहींना कमरेस पट्टे बांधून, अंगाचे काही वजन वरच्या वर तोलून धरणाऱ्या यंत्राच्या साह्याने फिरत्या पट्ट्यावर चालविले. इतरांच्या घरी भौतिकोपचारतज्ज्ञ जाऊन ताकद व तोल वाढविणारे साधे व्यायाम करवून घेत होता. वर्षाअखेर सर्व गटांतील मिळून ५२ टक्के रुग्णांची चालण्याची क्षमता वरच्या पायरीवर गेली होती, आणि यंत्राचा गट व घरचा गट यांत महत्त्वाचा फरक आढळला नाही. एका गटाचे यंत्रावरील शिक्षण तर सहाव्या महिन्यानंतर सुरू झाले होते. त्यांनाही लाभ झाला. सहा महिने उलटले म्हणजे सारे संपले, ही समजूत त्यामुळे टिकत नाही.

दुसऱ्या मताची परीक्षा आपल्याच देशात झाली. १४ रुग्णालयांतील १,२५० रुग्णांच्या या अभ्यासात अर्ध्या रुग्णांच्या नातेवाइकांना रुग्णालयात व्यायामाचे शिक्षण देऊन घरी ते चालू ठेवावयास सांगितले. २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर मरण पावलेल्या वा दुसऱ्यावर अवलंबून राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच होते. घरच्यांनी माया कमी केली असे नव्हे. परंतु कोणता स्नायू ढिला आहे, कोणता आखडला आहे, आज आधार किती कमी करावा, हे ओळखणारी नजर काही दिवसांच्या शिकवणीने येत नाही.

दोन्ही निष्कर्ष शेजारी ठेवले, की शासनाने काय करावयास हवे ते बरेचसे उघड होते. महागडे यंत्र नसले तरी चालेल. शिकलेला माणूस ठरावीक दिवसांनी रुग्णाच्या दारी पोहोचावयास हवा, किंवा रुग्ण त्याच्यापर्यंत पोहोचावयास हवा. त्या दोन भेटींच्या मधला रोजचा सराव मात्र घरच्यांनीच करून घ्यावयाचा आहे. तेथे त्यांच्यावाचून दुसरे कोणी नाही.

खेड्यातील घर यासाठी अगदीच गैरसोयीचे असते असे नाही. मेक्सिकोतील अहोया या डोंगरी गावात १९८१ पासून दिव्यांग व्यक्तींनीच चालविलेल्या केंद्राचा अनुभव डेव्हिड वर्नर यांनी १९८७ मधील आपल्या ग्रंथात मांडला आहे. गावात मिळणाऱ्या लाकूड-बांबूतून साधने कशी करावीत, हा त्याचा मोठा भाग आहे. अंगणात चार खुंट रोवून त्यांवर कमरेच्या उंचीवर दोन आडवे बांबू घट्ट बांधले, की समांतर दांड्या तयार होतात. बसून उठण्याच्या सरावास खाट चालत नाही, कारण ती मध्ये खोल जाते. गुडघ्याच्या उंचीचा घट्ट ओटा वा बाक त्यास उत्तम. नुकतेच सारवलेले ओले अंगण टाळावे. पायात सुटणारी चप्पल नसावी, मागे पट्टा असलेली असावी. उंबरठा हा सुरुवातीला अडथळा, पण पुढे पाय उचलण्याच्या सरावाचे साधनच होतो. शौचास उघड्यावर वा उकिडवे बसणे अशा रुग्णास जमत नाही. लाकडी खुर्चीची बैठक कापून केलेली सोय घरातल्या स्त्रियांचे कष्ट निम्म्याने हलके करते. या कष्टांचा उल्लेख सहसा कोणी करीत नाही. रुग्णाला दिवसातून दहा वेळा उठविणारी माणसे बहुधा त्याची आई आणि पत्नी असतात, आणि त्यांची पाठ दुखते तेव्हा त्यांच्यासाठी भौतिकोपचार कोणी सुचवीत नाही.

कामाची मोजदाद ठेवण्यास दहा मीटरची सरळ जागा पुरते. दोन्ही टोकांस चुन्याची रेघ मारावी आणि रुग्ण ते अंतर किती सेकंदांत चालतो ते दर रविवारी वहीत लिहावे. साधारणतः सेकंदाला ०.४ मीटरहून कमी गतीने चालणारा माणूस घरातच फिरू शकतो आणि ०.८ मीटरच्या पुढे गेलेला गावात मोकळेपणी वावरू शकतो, असा तज्ज्ञांचा ठोकताळा आहे. म्हणजे दहा मीटरला पंचवीस सेकंद लागत असतील तर घरापुरते, आणि साडेबारा सेकंद लागू लागले तर बाजारापर्यंत. प्रगती डोळ्यांना दिसत नाही तेव्हा वही ती दाखविते.

राहिला प्रश्न तुटलेल्या दुव्याचा. सुरतेहून जळगावकडे जाणाऱ्या मार्गावर नवापूर हे स्थानक लागते. गुजरात आणि महाराष्ट्र यांची सीमा या स्थानकातूनच गेली आहे. स्थानकाचा काही भाग एका राज्यात, तर काही दुसऱ्यात. प्रवाशांना त्याची गंमत वाटते. परंतु सुरतेत शस्त्रक्रिया झालेला रुग्ण जेव्हा ही सीमा ओलांडतो, तेव्हा त्याच्या हातातील कागदपत्रे पुष्कळदा पुढच्या कोणाच्याच हातात पडत नाहीत. त्यावर शस्त्रक्रियेचे वर्णन असते, गोळ्यांची यादी असते; रुग्ण बसतो की नाही, घोटा किती वळतो, कोणता व्यायाम किती वेळा करावयाचा, हे असेलच असे नाही. मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्रीय योजनेनुसार रस्ता अपघातातील जखमीस सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या मर्यादेत विनारोकड उपचार मिळतात. दोन्ही राज्यांतील आरोग्य विम्याच्या योजनाही प्रामुख्याने रुग्णालयात दाखल असतानाच्या खर्चासाठी आहेत. सात दिवसांत प्राण वाचतात. पाऊल टाकावयास सात महिने लागू शकतात, आणि त्या महिन्यांचा भार बहुतांशी कुटुंबाच्या खिशावर पडतो. रोजंदारी बुडालेली, सोबत करणाऱ्याचीही बुडालेली, त्यात तालुक्याच्या गावी जाण्यास गाडीभाडे. मग तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर जाणे बंद होते. याला हयगय म्हणावे काय?

सीमेच्या अलीकडे सोय मुळीच नाही असे नाही. धुळ्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जुने आहे; जळगाव येथे २०१८ मध्ये आणि नंदुरबार येथे २०२० मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली. वृद्धांच्या आरोग्यसेवेच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ग्रामीण स्तरावर पुनर्वसन सेवकाची कल्पना आहे. तालुक्याला असा माणूस येत असेल, तर अपघातग्रस्त तरुणासही त्या दिवशी तेथे आणता यावे. वयाचा रकाना आड येऊ नये. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याखाली प्रमाणपत्र मिळू शकते, आणि ते देताना इजा अजून सुधारत आहे हे ध्यानात घेऊन ठरावीक मुदतीचेही देता येते. ग्रामसेवकांनी आणि आशा कार्यकर्तींनी अशा घरास याची माहिती स्वतःहून द्यावी; लुळ्या माणसास घेऊन चौकशीसाठी कार्यालयात हेलपाटे घालणे घरच्यांना शक्य नसते.

शिक्षकांचा संबंध दोन ठिकाणी येतो. झाडावरून वा गाडीवरून पडून मेंदूस इजा झालेले मूल महिन्यांनंतर शाळेत परतते, तेव्हा ते बाहेरून धडधाकट दिसते. परंतु घंटा झाली की उठणाऱ्या चाळीस मुलांच्या गर्दीत त्याचा तोल जातो, आणि दुपारनंतर ते पेंगते. त्याला आळशी म्हणण्यापूर्वी शिक्षकाने घरी चौकशी करावी. त्यास दाराजवळची जागा द्यावी, पाच मिनिटे आधी सोडावे, अर्धा दिवस शाळेची मुभा द्यावी. समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी भौतिकोपचाराची तरतूद आहे. तिची मागणी मुख्याध्यापकांनी करावयाची असते. दुसरी गोष्ट सुरतेतील मराठी शाळांची. दुखापत झालेल्या कामगाराची मुले अशा वेळी अर्ध्या वर्षात शाळा सोडून गावी जातात. दाखला मागण्यास आलेल्या नातेवाइकाकडून शिक्षकास ही बातमी प्रथम कळते. गावचे नाव विचारून तेथील शाळेस एक पत्र लिहिले, तर मुलांचे वर्ष वाचेल.

रुग्णास गावी नेण्यापूर्वी सुरतेच्या रुग्णालयातून काय मागून घ्यावयाचे, ते कुटुंबाने ध्यानात ठेवावे. भौतिकोपचार विभागाकडून रुग्णाच्या आजच्या स्थितीची लेखी नोंद घ्यावी. करावयाचे व्यायाम आणि कटाक्षाने टाळावयाच्या हालचाली मराठीत किंवा चित्रांनी लिहून घ्याव्यात. फिट येण्याची शक्यता आहे काय आणि त्याची गोळी केव्हापर्यंत घ्यावयाची, हे विचारावे. कवटीचा तुकडा काढला असल्यास तो केव्हा बसविणार, ती तारीख लिहून घ्यावी. उठविण्या-बसविण्याची पद्धत घरातील ज्या दोन माणसांना प्रत्यक्ष करावयाची आहे, त्यांनीच वॉर्डात उभे राहून शिकून घ्यावी. केवळ वडीलधाऱ्या पुरुषाने ऐकून घेऊन भागत नाही. आणि हा कागद पेटीत न ठेवता, गावी पोहोचल्यापासून आठ दिवसांच्या आत जिल्हा रुग्णालयाच्या भौतिकोपचार कक्षात नेऊन दाखवावा.